यादीतून निवडलेले एंजिन

थोडी कल्पना करा. साल आहे १८७५. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात तुम्ही राहता. गावाजवळ दगडाची खाण आहे. तेथून मोठ्या रेल्वेचे स्टेशन दहा-बारा किलोमीटर दूर. गावकऱ्यांनी आणि खाणमालकाने भाग विकून पैसा उभा केला, एक चिमुकली रेल्वे कंपनी काढली आणि तुम्हांला तिचे चिटणीस नेमले. जमीन घेण्यात, पूल बांधण्यात आणि रूळ टाकण्यात बहुतेक पैसा संपला. आता फक्त एक एंजिन घेण्यापुरती रक्कम उरली आहे. दुसरे घ्यायला पैसा नाही. निवड चुकली तर गाडी चढावर अडकेल किंवा रूळ वाकतील, आणि कंपनी बुडेल. भागधारकांमध्ये तुमचे शेजारीच आहेत, हेही विसरू नका.

एंजिन आणायचे कोठून? आणि ते आपल्याला योग्य आहे हे ओळखायचे कसे? या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत.

मोठ्यांचे कारखाने, लहानांची अडचण

त्या काळी ब्रिटनमध्ये एकच सरकारी रेल्वे नव्हती. लहान-मोठ्या पुष्कळ खाजगी कंपन्या होत्या. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे कारखाने असत. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा क्रू येथील कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला. मालगाड्यांसाठी त्याने ‘डीएक्स’ नावाचा एकच नमुना ठरवला आणि १८५८ ते १८७२ या काळात त्याची ९४३ एंजिने बांधली. एकाच नमुन्याची इतकी एंजिने बांधल्यावर प्रत्येक एंजिन स्वस्त पडणारच.

मग लहान कंपनीने क्रूलाच पत्र का लिहू नये? तसा एक प्रयत्न झालाही होता. या ९४३ पैकी ८६ एंजिने क्रूने शेजारच्या लँकाशर अँड यॉर्कशर रेल्वेला विकली. त्यावर एंजिने बांधणारे स्वतंत्र कारखानदार खवळले. तुम्ही रेल्वे चालवा, एंजिने विकणे हा आमचा धंदा आहे, असे त्यांचे म्हणणे. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना केली, प्रकरण न्यायालयात नेले आणि १८७६ मध्ये मनाई हुकूम मिळवला. रेल्वे कंपनीने स्वतःच्या वापरापुरतीच एंजिने बांधावीत, दुसऱ्याला विकू नयेत, असे ठरले.

म्हणजे तुमच्या चिमुकल्या कंपनीला स्वतःचा कारखाना परवडत नाही आणि शेजारच्या मोठ्या कंपनीकडून नवे एंजिन घेता येत नाही. उरला तो स्वतंत्र कारखानदार.

हे कारखानदार कोण होते? न्यूकॅसलला रॉबर्ट स्टीफनसन यांचा कारखाना होता. खास आगगाडीची एंजिने बांधण्यासाठी १८२३ मध्ये निघालेला हा जगातला पहिला कारखाना. मँचेस्टरला शार्प-स्ट्यूअर्ट आणि बेयर-पीकॉक होते. ब्रिस्टलला फॉक्स-वॉकर होते; १८८० नंतर तेथे पेकेट हे नाव लागले. लीड्स शहराच्या हन्स्लेट या एकाच भागात तर मॅनिंग-वॉर्डल, हन्स्लेट, हडसवेल-क्लार्क, किट्सन असे कारखाने जवळजवळ एकमेकांना खेटून उभे होते. जणू एंजिनांची बाजारपेठच!

ठरीव नमुना म्हणजे काय?

शिंप्याकडे दोन तऱ्हेने कपडे मिळतात. माप देऊन शिवून घ्या, नाहीतर ठरावीक मापांचे तयार कपडे घ्या. एंजिनांचेही तसेच होते. मोठे गिऱ्हाईक आपला आराखडा पाठवी आणि कारखाना त्याप्रमाणे एंजिन बांधून देई. लहान गिऱ्हाइकाकडे आराखडा काढणारा इंजिनिअरच नसे. त्याच्यासाठी कारखान्याने आपले ठरीव नमुने तयार ठेवलेले असत.

यात पैसा कसा वाचतो ते पाहू. एंजिनाचे सिलिंडर बिडाचे ओतीव असतात. ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात वितळलेले बीड ओतायचे. लाकडी नमुना करणे हे अतिशय कुशल सुताराचे, अनेक दिवसांचे काम. समजा, त्याला ६० रुपये खर्च आला. एकच सिलिंडर ओतला तर सगळे ६० रुपये त्या एका सिलिंडरवर पडतात. त्याच नमुन्यावर ३० सिलिंडर ओतले तर प्रत्येकावर फक्त २ रुपये! हाच हिशेब चाकांना, बॉयलरच्या पत्र्यांना आणि कागदावरच्या आराखड्यांनाही लागू पडतो.

दुसरा फायदा सुट्या भागांचा. प्रत्येक एंजिनावर पितळेची एक पाटी असे. तिच्यावर कारखान्याचे नाव, बांधणीचे वर्ष आणि एंजिनाचा अनुक्रमांक. दूरच्या गावी एखादा भाग मोडला की त्या अनुक्रमांकासह कारखान्याला पत्र टाकायचे. कारखान्यातला कारकून वही उघडून नेमका तोच भाग पाठवून देई.

पण यासाठी एक अट आहे. नवा भाग जुन्याच्या जागी तंतोतंत बसला पाहिजे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. सायकलचा नट हरवला तर आपण दुकानातून नवा आणतो आणि तो बसतोही. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणचा नट दुसरीकडच्या बोल्टवर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवले. मँचेस्टरच्या शार्प-रॉबर्ट्स कारखान्यात रिचर्ड रॉबर्ट्स यांनी त्याआधीच एंजिनाचे भाग फर्मे आणि मापके लावून करण्याची शिस्त घातली होती. कारागिराच्या नजरेवर विसंबायचे नाही, फर्म्याला जुळेल तोच भाग खरा!

या शिस्तीची फळे लवकरच दिसली. लीड्सच्या ई. बी. विल्सन यांच्या कारखान्यात डेव्हिड जॉय या तरुण आराखडाकाराने १८४७ मध्ये ‘जेनी लिंड’ हे एंजिन तयार केले. त्या वर्षी लंडन गाजवणाऱ्या स्वीडिश गायिकेचे नाव त्याला दिले होते. एंजिन इतके गुणी निघाले की तोच नमुना वेगवेगळ्या कंपन्यांनी मागितला आणि तशी सत्तरहून अधिक एंजिने बांधली गेली. पुढे १८५८ मध्ये विल्सन यांचा कारखाना बंद पडला. तेव्हा त्यांचे आराखडे कोणी घेतले ठाऊक आहे? त्याच वर्षी निघालेल्या मॅनिंग-वॉर्डल यांनी! कारखाना गेला, पण आराखड्यांची किंमत गेली नाही.

खोगीर घातलेले एंजिन

मॅनिंग-वॉर्डल यांनी आपल्या नमुन्यांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली होती. त्यांतला ‘के’ हा नमुना फार लोकप्रिय झाला. त्याला लहान लहान सहा चाके होती. सहाही चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. बॉयलरच्या पाठीवर घोड्याच्या खोगिरासारखी पाण्याची टाकी. म्हणून अशा एंजिनाला आपण ‘खोगीर-टाकीचे एंजिन’ म्हणू.

टाकी पाठीवर कशासाठी? मोठ्या एंजिनामागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असते, तिला टेंडर म्हणतात. टेंडरचे वजन ओढावे लागते, पण ओढण्याच्या कामात त्याची मदत होत नाही. तेच पाणी एंजिनाच्या पाठीवर ठेवले की त्याच्या वजनाने चाके रुळांना घट्ट धरतात. शिवाय टेंडर नसल्यामुळे एंजिन पुढे-मागे सारख्याच सोयीने धावते. शेवटच्या स्टेशनावर त्याला फिरवायला फिरता चौथरा बांधावा लागत नाही. गरीब कंपनीला ही केवढी बचत! तोटाही आहे. जसजसे पाणी संपते तसतसे वजन घटते आणि चाकांची पकड कमी होते.

अशी एंजिने रेल्वे बांधणारे ठेकेदारही घेत. मार्ग बांधून झाला की ठेकेदार एंजिन विकून टाकी. नमुना सर्वांच्या परिचयाचा, सुटे भाग मिळणारे. त्यामुळे जुन्या एंजिनालाही सहज गिऱ्हाईक मिळे. पुष्कळ लहान कंपन्यांनी अशीच वापरलेली एंजिने घेऊन आपला संसार चालवला.

आता हिशेब करू

‘के’ तुमच्या रेल्वेला चालेल का? अंदाजाने ठरवू नका, गणित मांडा. गणित सोपे आहे.

एंजिनाला दोन सिलिंडर असतात. वाफ दट्ट्याला एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात दोन सिलिंडरांचे मिळून चार ढकलणे होतात. प्रत्येक वेळचे कार्य म्हणजे दाब × दट्ट्याचे क्षेत्रफळ × दट्ट्याची धाव. क्षेत्रफळ π × व्यास² ÷ ४. चार वेळांचे मिळून कार्य झाले दाब × π × व्यास² × धाव.

तेवढ्या वेळात एंजिन पुढे किती जाते? चाकाच्या परिघाइतके, म्हणजे π × चाकाचा व्यास. कार्याला अंतराने भागले की बल मिळते. वर π आणि खाली π, दोन्ही उडाले! उरले ते असे:

ओढ = दाब × सिलिंडरचा व्यास² × धाव ÷ चाकाचा व्यास

बॉयलरमधला सगळा दाब सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणण्याची पद्धत आहे.

‘के’ नमुन्याचे सिलिंडर १२ इंच व्यासाचे, धाव १७ इंच आणि चाके सुमारे ३ फूट व्यासाची. सेंटिमीटरमध्ये ही मापे अनुक्रमे ३०.५, ४३.२ आणि ९१.४ होतात. दाब दर चौरस सेंटिमीटरला ८.४ किलोग्रॅम धरू. आकडे घालून पाहा. ओढ सुमारे ३,१४० किलोग्रॅम येते.

ही ओढ किती गाडी नेईल? सपाट पण सुमार रुळांवर हळू चालणाऱ्या गाडीच्या प्रत्येक टनाला सुमारे ५ किलोग्रॅम ओढ लागते असे धरू. म्हणजे सपाटीवर ३,१४० ÷ ५ = ६२८ टन. पण तुमच्या मार्गावर ५० मीटरला १ मीटर असा चढ आहे. चढावर प्रत्येक टनाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० किलोग्रॅम, मागे खेचतो. एकूण झाले २५ किलोग्रॅम. ३,१४० ÷ २५ म्हणजे सुमारे १२५ टन. ६२८ वरून एकदम १२५ वर! एवढ्याशा चढाने पाचांतील चार भाग गाडी खाऊन टाकली. या १२५ टनांतच एंजिनाचे वजनही आले. ते १७ टन धरले तर डब्यांना आणि वाघिणींना उरतात १०८ टन.

अजून एक परीक्षा बाकी आहे. चाके घसरतील का? कोरड्या रुळांवर चाकांवरील वजनाच्या साधारण पाचव्या भागाइतकी पकड मिळते. १७ टनांचा पाचवा भाग ३,४०० किलोग्रॅम. हा आकडा ३,१४० पेक्षा मोठा, म्हणून चाके घसरणार नाहीत. पण पाऊस पडून रूळ ओले झाले आणि पकड आठव्या भागावर आली तर? १७,००० ÷ ८ म्हणजे २,१२५ किलोग्रॅमच. मग चढावर एंजिनासह फक्त ८५ टन जातील. इंग्लंडात पाऊस वर्षभर पडतो, हे चिटणिसाने ध्यानात ठेवलेलेच बरे!

शेवटी रुळांचा विचार. १७ टन तीन आसांवर सारखे वाटले तर दर आसावर साडेपाच टनांहून थोडे अधिक. तुमचे रूळ आणि पूल तेवढे सोसणारे हवेत. नाहीतर सगळे हिशेब फुकट!

हिशेब कसा चुकतो

हे हिशेब कागदावर सोपे वाटतात, पण चुका खरोखर घडल्या. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे पाटीच्या दगडांची वाहतूक करण्यासाठी निघाली. रुळांतील अंतर फक्त २ फूट ३ इंच. हे माप फारच विरळा. व्हाइटहेवनच्या फ्लेचर-जेनिंग्ज कारखान्याने १८६४ मध्ये तिचे पहिले एंजिन दिले. त्याचेही नाव ‘टॅलिलिन’. चाके फक्त चार आणि तीही जवळजवळ. त्यामुळे मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर राहिला आणि एंजिन चालताना वर-खाली डुलू लागले. १८६६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एंजिनात, ‘डॉलगॉक’मध्ये, चाकांतले अंतर वाढवले होते. पण सरकारी तपासनीस कॅप्टन टायलर पाहणीला आले तेव्हा त्यांना ते डावी-उजवीकडे हेलकावताना आढळले. पहिल्याला मागे आणखी दोन चाके लावा, असे त्यांनी सुचवले. एंजिन कारखान्यात परत गेले आणि सहा चाकांचे होऊन आले.

तपासनिसांना आणखी एक गोष्ट दिसली. पुलांखाली डब्यांच्या बाजूला पुरेशी जागाच नव्हती! उपाय म्हणून डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद केली. तेव्हा लक्षात ठेवा, एंजिन निवडताना रुळांतले अंतर जुळले म्हणजे झाले असे नव्हे. उंची, रुंदी, वळणे, पूल, सगळेच जुळावे लागते.

पुढे या रेल्वेने १९५१ पर्यंत याच दोन एंजिनांवर भागवले. त्या वर्षी ती बंद पडण्याच्या बेतात होती. तेव्हा हौशी स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. असा प्रयोग जगात पहिलाच होता. त्यांच्याजवळ धावण्याजोगे एकटे म्हातारे ‘डॉलगॉक’ होते. सुदैवाने शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचे रूळही त्याच विरळ मापाचे होते. तिची दोन एंजिने मिळाली. त्यांतले एक केर-स्ट्यूअर्ट कारखान्याने १९२१ मध्ये बांधलेले, ‘टॅटू’ नावाच्या ठरीव नमुन्याचे होते.

एका बेटाची गोष्ट

निवड अचूक ठरली तर काय होते, हे आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर दिसते. हे बेट आजच्या बृहन्मुंबईपेक्षाही थोडे लहान. तेथे ३ फुटी मार्गाची रेल्वे १ जुलै १८७३ रोजी डग्लस ते पील अशी सुरू झाली. एंजिने मागवली बेयर-पीकॉककडून. हे चार्ल्स बेयर म्हणजे पूर्वी शार्प-रॉबर्ट्सकडे आराखडे काढणारे जर्मन गृहस्थ. फर्म्यांची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली. त्यांच्या कारखान्याने १८६६ मध्ये नॉर्वेच्या अरुंद मार्गासाठी एक सुटसुटीत एंजिन बांधले होते. पुढे दोन लहान चाके, मागे जोडलेली चार मोठी चाके. तोच घाट बेटाच्या मापाला बसवला.

ही निवड अशी लागू पडली की १८७३ पासून १९२६ पर्यंत बेटावर या घाटाची पंधरा एंजिने आली. नवी एंजिने थोड्या मोठ्या बॉयलरची होती एवढाच फरक. जुन्यांनाही पुढे मोठे बॉयलर बसवता आले. समुद्राने वेढलेल्या बेटावर, जेथे प्रत्येक सुटा भाग जहाजाने आणावा लागतो, तेथे या सारखेपणाचे मोल केवढे असेल! डग्लस ते पोर्ट एरिन या मार्गावर यांतली काही एंजिने आजही प्रवाशांना घेऊन धावतात.

आणि आपली बार्शी

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिची एंजिने इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्री या स्वतंत्र कारखान्याची होती. पण आपल्या विषयाला अधिक जवळची गोष्ट आहे बार्शी लाइटची.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने ठरवले, की अडीच फुटी मार्गावर कोणत्याही एंजिनाचा वा डब्याचा भार दर आसाला ५ टनांहून अधिक असू नये. मग हलके, स्वस्त रूळ पुरतात. पण हलके एंजिन ओढणार काय? येथे ठरीव नमुना पुरा पडेना. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने खास एंजिने बांधली. त्यांची आठ चाके जोडलेली होती. चार आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे पकडीसाठी २० टन वजन मिळाले आणि रुळांची तक्रारही राहिली नाही. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. हा अनुभव पुढे इंग्लंडला उपयोगी पडला. तेथे १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे निघाली. तिचे इंजिनिअर कॅल्थ्रॉपच होते आणि एंजिनेही किट्सनचीच! बार्शीचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. लीकची रेल्वे तर १९३४ मध्येच बंद पडली.

म्हणजे, चिटणीसमहाराज, तुमचे काम काय? ठरीव नमुना स्वस्त पडतो, लवकर मिळतो, त्याचे सुटे भाग मिळतात. तेव्हा आधी त्यातच शोधा. पण आपला चढ, आपले रूळ आणि आपले पूल मोजल्याशिवाय पत्र टाकू नका. आणि कोणताच नमुना बसत नसेल, तर बार्शीसारखे नवे एंजिन मागवण्याचे धैर्यही ठेवा.

करून पाहा

एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्यावर खोडरबर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच टोकाची उंची मोजा. आता फळी ओली करून तेच करा. दोन्ही उंचींची तुलना करा. पावसात एंजिनाची पकड का कमी होते ते समजेल.

सोडवून पाहा

१. बेटावरच्या पहिल्या एंजिनांचे सिलिंडर सुमारे २८ सेंमी. व्यासाचे, धाव ४६ सेंमी. आणि मोठी चाके ११४ सेंमी. व्यासाची होती. दाब दर चौरस सेंमी.ला ८.४ किलोग्रॅम धरून ओढ काढा.

२. ‘के’ एंजिनाने ओल्या रुळांवर, ५० ला १ या चढावर, स्वतःचे १७ टन वगळून किती टन ओढावेत?

३. चाके मोठी केली तर ओढ कमी होते. मग प्रवासी गाडीच्या एंजिनाला मोठी चाके का देत असतील?

(उत्तरे : १. सुमारे २,२६० किलोग्रॅम. २. ६८ टन. ३. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते. म्हणून दट्ट्याची गती न वाढवता गाडीचा वेग वाढतो.)